पाण्यात उतरण्याआधी

दिवाळी सरली आणि ज्वारी गुडघ्याला लागली की ते कुटुंब आमच्या वस्तीत यायचं. कधी नांदेडकडून, कधी लातूरकडून. सोबत पत्र्याची एक ट्रंक, कापडात गुंडाळलेली बाजाची पेटी, खंजिरी, वळकटी आणि एक पेट्रोमॅक्स. नवरा फिरता ख्रिस्ती प्रचारक, त्याची बायको आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी. चार-पाच दिवस मुक्काम, मग पुढचं गाव. संध्याकाळी तो गायचा, बोलायचा. ती दिवसा तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची आणि दुपारी बायकांत जाऊन बसायची. वस्तीतली मोठी माणसं त्यांना बाप्टिस्ट म्हणत नसत, 'बुडवणारे' म्हणत.

एका सकाळी गोदावरीच्या वळणावर, घाटापासून लांब, तिघाचौघांचा बाप्तिस्मा होता. प्रचारक कमरेएवढ्या पाण्यात उभे. एकेक माणूस उतरायचा, त्याला काहीतरी विचारलं जायचं, तो हुंकार भरायचा, आणि क्षणभर पूर्ण पाण्याखाली जाऊन वर यायचा. मुलगी काठावर पंचे घेऊन उभी होती. वर आलेल्या माणसाला पंचा देणं हे तिचं काम. मी तिला विचारलं, "तुझा झालाय का?" ती म्हणाली, "मी अजून मागितला नाही."

प्रचारकाची मुलगी, प्रार्थना पाठ, गाणी पाठ, आणि तरी अजून बाहेर. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आज मराठी मुलखातल्या फिरत्या प्रचारकांच्या दोनेकशे वर्षांकडे वळून बघताना तिचं तेच वाक्य माझ्या हाताशी येतं.

बाप्टिस्ट पंथाचा सगळा आग्रह या मागण्यावर आहे. १६०९ मध्ये इंग्लंडमधून निसटून ॲम्स्टरडॅमला आलेल्या जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून कुणी ख्रिस्ती होत नाही. माणसाला कळलं पाहिजे, त्याने स्वतः तोंडाने साक्ष दिली पाहिजे, मगच पाणी. म्हणजे या पंथात जन्माने कुणीच आत नसतो. नांदेडच्या माणसाला हे परकं वाटू नये. गुरु गोविंदसिंगांचा शेवट १७०८ मध्ये याच गावात झाला, आणि अमृत छकणं, म्हणजे खालशाची दीक्षा घेणं, हीसुद्धा शिखाच्या घरात जन्मल्याने आपोआप होणारी गोष्ट नाही. वारकऱ्याच्या घरातला मुलगाही माळ घालेपर्यंत माळकरी नसतोच. आमच्या मुलखाला दारोदार फिरणारा देवाचा माणूसही नवा नव्हता. जंगम, वासुदेव, गोंधळी, महानुभाव, फडावरचे कीर्तनकार यांच्या वाटांवरूनच हे प्रचारकही चालले. पुढे रेल्वे आली. सिकंदराबाद-मनमाड मीटरगेज १९०० च्या सुमाराला नांदेडवरून धावू लागली, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. पण वस्त्यांपर्यंत शेवटी छकडा, सायकल आणि पायच.

या फिरत्यांच्या चरित्रांत एक गोष्ट मला नेहमी टोचते. गावं मोजलेली असतात, सभा मोजलेल्या असतात, बाप्तिस्मे मोजलेले असतात. ट्रंक कुणी भरली, तापाने फणफणलेलं पोर कुणी मांडीवर घेतलं, आणि त्या घरातल्या बाईचा, भावाचा, पोरीचा देवाशी काय झगडा चालला होता, हे क्वचित सापडतं. घर एका छकड्यात बसलेलं असतं म्हणून सगळे एकाच ठिकाणी पोचलेले असतात असं नाही.

बाप्टिस्टांचीच पहिली मोठी कथा घ्या. इंग्लंडमधला जोडे शिवणारा विल्यम कॅरी १७९३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला. मराठी माणूस त्याला ओळखतो तो वेगळ्या कारणाने. फोर्ट विल्यम कॉलेजात त्याने मराठी शिकवली, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८१० मध्ये कोश छापला. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. आपल्या छापील गद्याच्या अगदी सुरुवातीला हा बंगालात बसलेला बाप्टिस्ट आहे.

पण त्याची बायको डोरोथी यायलाच तयार नव्हती. पोटात मूल, हाताशी लहान मुलं, आणि नवरा म्हणतो हिंदुस्थान. ती नाही म्हणाली, तो निघाला. जहाजाचं काही जमेना म्हणून पुन्हा दारात आला, तेव्हा बहीण सोबत येत असेल तर येते, एवढ्यावर ती कबूल झाली. १७९४ मध्ये बंगालच्या दलदलीत त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर डोरोथीचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. २८ डिसेंबर १८०० या दिवसाची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. सात वर्षं वाट पाहिल्यावर पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, हुगळीच्या पाण्यात उतरला. त्याच्याबरोबर कॅरीचा थोरला मुलगा फेलिक्सही. बापाने आपल्या मुलाला आपल्या हाताने पाण्यात घेतलं. आणि त्याच वेळी घरात बंद खोलीत फेलिक्सची आई ओरडत होती. १८०७ मध्ये ती त्याच अवस्थेत गेली. कॅरीच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे, मी त्याच्याच व्याकरणाच्या वारशात लिहिते. पण त्या दिवसाचा आनंद सांगताना बंद खोली वगळणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

फेलिक्सचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगते. तो बापाच्या वाटेने ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये इरावतीत नाव बुडाली, बायको आणि मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. नंतर प्रचारकाचं काम सोडून तो ब्रह्मी राजाचा वकील होऊन कलकत्त्याला आला.

देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू बोली सुरू होते. त्या तेलुगू मुलखात बाप्टिस्टांचं काम फार मोठं झालं, आणि त्यातली एक घटना आमच्याकडच्या प्रचारकांच्या तोंडी असायची. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ. ओंगोलचा अमेरिकन बाप्टिस्ट जॉन क्लाउ याने बकिंगहॅम कालव्याचं खोदकाम कंत्राटाने घेतलं आणि मादिगा या अस्पृश्य जातीतल्या हजारो लोकांना त्यावर पोटाला लावलं. लोक बाप्तिस्मा मागत होते, तो देईना. धान्यासाठी कुणी देव बदलू नये म्हणून त्याने मदतीचं काम संपेपर्यंत थांबवलं. मग ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ माणसं पाण्यात उतरली. हा आकडा जगभर गाजला. मला त्याच्या आधीचं थांबणं जास्त मोलाचं वाटतं. मागणी भुकेची आहे की मनाची, हे ओळखायला वेळ द्यावा लागतो, आणि तरीही पूर्ण ओळखता येत नाही, हे त्याला कळत असावं.

मराठवाड्याचा स्वतःचा फिरता माणूस बाप्टिस्ट नव्हता, स्कॉटिश फ्री चर्चचा होता. पण त्याच्या घरात जे घडलं ते या विषयाच्या गाभ्याचं आहे. नारायण शेषाद्री हा देशस्थ ब्राह्मण मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. तोही भावाच्या मागे मिशनऱ्यांकडे गेला. वडील कोर्टात गेले. मूल अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. मग प्रश्न उभा राहिला की ख्रिस्त्यांकडे राहून, जेवून आलेल्या पोराला जातीत घ्यायचं कसं? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष त्यांनी सोसला.

त्या काळची वर्तमानपत्रं या प्रकरणाने भरून गेली. मिशनरी म्हणत होते मुलाला कळतं, शास्त्री म्हणत होते कळत नाही, कोर्टाने वय मोजलं. दोन भाऊ एका दारातून बाहेर पडले, एक तिकडे राहिला, एकाला परत आणलं. श्रीपतच्या मनात काय होतं, हे त्या कागदांतून कुठेच ऐकू येत नाही. कुणी थोडं थांबून त्याला मोठं होऊ दिलं असतं, तर निदान त्याचं उत्तर त्याच्या तोंडून आलं असतं.

नारायण शेषाद्री मात्र थांबला नाही. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्याने 'बेथेल' नावाची वसाहत उभी केली. जमीन निजामाचे दिवाण सालारजंगांनी दिली. तिथे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक, ज्यांना गावात विहिरीजवळ उभं राहू दिलं जात नव्हतं. तिथे शाळा चालली, शेती चालली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटं घातलेला हा मराठी माणूस बोलायला उभा राहिला. १८९१ मध्ये त्याला मरणही समुद्रप्रवासातच आलं.

मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्त्यांना त्या मागण्याची किंमत नंतरही मोजावी लागली. निजामाची राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली, पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. पाण्यातून वर आलेल्या माणसाची वस्ती तीच, शेजार तोच, अपमान तोच, फक्त कागद बदलतो. हा अन्याय आहे, आणि तो मी अन्याय म्हणूनच लिहिते. दौऱ्यावरचे आमचे प्रचारक हे जाणून होते. कुणी भरात येऊन बाप्तिस्मा मागितला की ते म्हणायचे, "घरी विचारा, पुढच्या सालात येतो."

घरातल्या बाईने तिची बाजू स्वतः सांगितली आहे असं आपल्याकडे एक लखलखीत उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक. तेही घर बाप्टिस्ट नव्हे, अमेरिकन मराठी मिशनचं. पण फिरतं म्हणाल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा पाय कुठे ठरला नाही. नागपूर, राजनांदगाव, मुंबई, नगर, राहुरी, शेवटी सातारा. रेल्वेच्या एका प्रवासात कुणा युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला ते नंतर कळलं.

आता ही बायको कोणत्या घरातली, ते पाहा. जलालपूरच्या त्यांच्या वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात जात नसे. अकराव्या वर्षी लग्न. लिहिणं-वाचणं नवऱ्यानेच शिकवलेलं. अशा बाईचा नवरा एका दिवसात जातीबाहेर गेला. पदरात लहानगा दत्तू. काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला, विठोबाच्या गावात, नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा. पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एकाच छपराखाली दोन चुली. टिळक कीर्तनं करीत, गीतं रचीत, आणि घरात बायको त्यांचं शिवलेलं पाणी पीत नाही.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मी या दोन चुलींपाशी थांबते. टिळक संतापी माणूस. हातातलं देऊन टाकणारा, सांगून न जाणारा, त्याच्यासोबत संसार करणं सोपं नव्हतं. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी आपलं आपण ताडून पाहिलं. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या झुंजल्या, आणि माणसाने केली हे मनाला पटलं तेव्हा सोवळं आपल्या हाताने सोडलं. विश्वास त्यानंतर आला. १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांचा बाप्तिस्मा झाला. पाणी बुडवण्याचं नव्हतं, पण त्यांनी ते मागितलं होतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत अशी त्यांची इच्छा. मिशनमधल्या काहींना ते रुचलं नाही. मला वाटतं, दोन चुलींच्या घरात राहिलेल्या माणसालाच असा दरबार सुचू शकतो. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. जोडाक्षरांशी झगडलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्याय घातले.

आमच्याकडे येणारं ते कुटुंब पुढे यायचं थांबलं. प्रचारकांचे गुडघे गेले. पेटी कुणा मंडळीला दिली, असं ऐकलं. बऱ्याच वर्षांनी त्यांची मुलगी मला नांदेडच्या स्टेशनवर भेटली. केस पांढरे, हातात पिशवी, परभणीची गाडी धरायची होती. मी विचारलं, "मग मागितलास की नाही?" तिला लगेच कळलं. म्हणाली, तेविसाव्या वर्षी. आई गेल्यावर वर्षभराने. तोवर ती दर हिवाळ्यात काठावर पंचे घेऊन उभी राहत होती.

"बाबांनी तोवर कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं त्यांना फिकीर नाही. ज्या दिवशी मी सांगितलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी नदीवर गेलो. पाण्यात त्यांचे हात इतके कापत होते की शेवटी मीच त्यांचा दंड धरला."

मग गाडी लागली.