घरगुती वाय-फाय राउटर : पल्ला आणि निवड

घरगुती वाय-फाय राउटरचा पल्ला केवळ किमतीवर अथवा अँटेनांच्या संख्येवर ठरत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झमधील मुभा २०१८ मध्ये विस्तारली. परवाना नको असला, तरी प्रक्षेपणशक्तीवर कायद्याची मर्यादा आहे. महागडा राउटरही तिला अपवाद नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक दूर पोहोचतात. मात्र शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही याच पट्ट्यात गर्दी असते व परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या सामान्यतः तीनच (१, ६ व ११) मिळतात. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये वेग अधिक, पण पल्ला कमी. म्हणूनच दोन्ही पट्टे वापरणारा ‘ड्युअल बँड’ राउटर श्रेयस्कर ठरतो. तो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. आरसीसी भिंतींच्या मोठ्या घरात एका शक्तिशाली राउटरपेक्षा एकमेकांशी जोडलेले दोन-तीन राउटर (मेश) अधिक उपयुक्त ठरतात. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ सुविधा आणि उत्पादकाकडून नियमित मिळणारी सॉफ्टवेअर सुधारणा पाहावी.

अर्थशास्त्रीय दृष्टीने परवानामुक्त स्पेक्ट्रम हे गायरानासारखे सामायिक संसाधन आहे. प्रवेश सर्वांना खुला असल्याने गर्दीची किंमतही सर्वांनाच मोजावी लागते. शक्तिमर्यादेचे प्रयोजन हेच होय.