डार्टमूरच्या शिलाराशी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर हे ग्रॅनाइटचे उंच पठार आहे. त्याच्या उघड्या माळावर आणि टेकड्यांच्या माथ्यांवर मृतांसाठी रचलेल्या दगडांच्या राशी दिसतात. त्या मुख्यतः ब्राँझयुगातल्या, म्हणजे साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या. अनेक राशींच्या पोटात उभ्या शिळांची, झाकणशिळा घातलेली लहानशी पेटी असते.

या पेट्या प्रथम उघडल्या त्या धनाच्या आशेने. प्रिन्सटाउनजवळच्या एका पेटीला तर ‘सोन्याचा हंडा’ असे नावच पडले आहे. कुंपणांसाठी आणि रस्त्यांसाठीही राशींचे दगड गेले. एकोणिसाव्या शतकात हौशी संशोधक आले. 1872 मध्ये प्लिमथचे दंतवैद्य चार्ल्स स्पेन्स बेट यांनी हॅमेल डाउनवरील राशी उकरली आणि त्यांना खंजिराच्या मुठीचे अंबराचे टोक मिळाले. त्यावर सोन्याच्या बारीक टाचण्यांची नक्षी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात ते नष्ट झाले. पुढे 1879 पासून डेव्हनशायर असोसिएशनच्या समितीने पद्धतशीर नोंदी ठेवल्या. पण बहुतेक पेट्या आधीच लुटलेल्या, नाही तर जवळजवळ रिकाम्या निघाल्या.

रिकाम्या असण्याला मातीही कारणीभूत होती. इथली आम्लधर्मी माती न जळलेली हाडे, कातडे, कापड काहीच राहू देत नाही. बहुतेक वेळा खापरे, गारगोटीची पाती आणि कोळसा एवढेच मागे उरते. म्हणून ब्राँझयुगीन माणसाच्या अंगावर काय होते, याचा डार्टमूरवर पत्ताच लागत नव्हता.

तो लागला 2011 मध्ये, व्हाइटहॉर्स हिलवर, सुमारे 600 मीटर उंचीवर उघडलेल्या एका पेटीमुळे. गंमत अशी की ही पेटी दगडांच्या राशीत नव्हतीच. ती पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात गाडलेली होती. त्या थरात हवा न शिरल्याने आतले सेंद्रिय सामान टिकले. 15 ते 25 वर्षे वयाच्या व्यक्तीच्या जळालेल्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या होत्या. सोबत विणलेली पिशवी, कापड व वासराच्या कातड्याचा पट्टा, कथलाच्या टिकल्या बसवलेला गाईच्या केसांचा बाहुबंद, लाकडी कर्णभूषणे आणि 200 हून अधिक मणी होते. अंबराच्या मण्यांवरून दूरचा व्यापार उघड होतो. काळ ठरला इ.स.पू. 1700 च्या आसपासचा.

या एका पेटीने डार्टमूरच्या ब्राँझयुगाविषयी जितके सांगितले, तितके आधीच्या शतकभराच्या उकराउकरीतून कळले नव्हते. 2014 मध्ये या वस्तू प्लिमथच्या संग्रहालयात लोकांसमोर मांडल्या गेल्या.