खेळाचा निकाल कोणाच्या मालकीचा?

शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना संपला की घरी जाणारा प्रत्येक विद्यार्थी वाटेत भेटेल त्याला गुणसंख्या सांगत सुटतो. त्यासाठी तो कोणाची अनुज्ञा घेत नाही, की कोणास पैसा देत नाही. सामना खेळाडूंचा खरा. पण निकाल एकदा लागला की तो साऱ्या गावाचा होतो. इतकी साधी वाटणारी ही गोष्ट अमेरिकेत मोठ्या आर्थिक वादाचा विषय झाली. त्या वादाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत 1992 साली झालेल्या एका कायद्याने खेळांवरील पैजांना नव्याने मान्यता देण्यास राज्यांना मनाई केली होती. नेव्हाडासारख्या मोजक्या राज्यांतील जुनी प्रथा तेवढी अबाधित राहिली. न्यू जर्सी राज्याने 2012 साली अशा पैजांस परवानगी देणारा कायदा करताच बास्केटबॉल, बेसबॉल, फुटबॉल आदी खेळांचे व्यावसायिक संघ ज्या संस्थांच्या छत्राखाली खेळतात, त्या संस्था, म्हणजेच ‘लीग’, न्यायालयात गेल्या. पैजांमुळे खेळाचे पावित्र्य भंगेल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर 14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1992 चा कायदाच रद्द केला. राज्यांच्या विधिमंडळांनी कोणता कायदा करावा वा करू नये, अशी आज्ञा त्यांना करण्याचा अधिकार केंद्रीय काँग्रेसला नाही, असा निर्णय झाला.

मौज अशी की, हा निकाल लागण्यापूर्वीच, 2018 च्या जानेवारीत, बास्केटबॉलच्या लीगने न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे एक मागणी ठेवली होती. पैजा कायदेशीर होणारच असतील, तर लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांमागे एक डॉलर आम्हांस द्यावा! या वाट्यास ‘सचोटी शुल्क’ असे भारदस्त नाव देण्यात आले.

शेकडा एक म्हणजे क्षुल्लक, असे कोणासही वाटेल. पण विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. नेव्हाडाचा दीर्घ अनुभव असा की, लोकांनी लावलेल्या शंभर डॉलरांपैकी सुमारे पंचाण्णव जिंकणाऱ्यांना परत जातात व पैजा घेणाऱ्याकडे पाचच्या आसपास उरतात. त्यातूनच त्याने कर, पगार व इतर खर्च भागवायचा. तेव्हा शंभरातील एक म्हणजे वस्तुतः पाचातील एक, अर्थात उत्पन्नाचा पाचवा हिस्सा होय. टक्केवारी ऐकताना ती कशाची, हे आधी विचारावे, हा धडा येथे मिळतो.

लीगची बाजू अगदीच पोकळ नव्हती. आमचा खेळ नसेल तर पैज कशावर लावणार, असे त्या विचारीत. पैजांमुळे खेळाडू फितण्याचा धोका वाढतो व पहारा आम्हांस ठेवावा लागतो, असेही त्या म्हणत. हा धोका काल्पनिक नाही. 1919 च्या बेसबॉल अजिंक्यपद मालिकेतील लबाडीपायी शिकागोचे आठ खेळाडू कायमचे बाद झाले. 2024 साली टोरांटोचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर यालाही अशाच कारणास्तव आजन्म बंदी झाली.

तथापि प्रतिपक्षाचे उत्तरही सबळ होते. खेळ स्वच्छ राखणे हे लीगचे मूळचेच कर्तव्य आहे. शिवाय सामना चालू असताना त्याची गुणसंख्या छोट्या यंत्रावर कळविणाऱ्या मोटोरोला कंपनीविरुद्ध बास्केटबॉलच्या लीगने लावलेल्या दाव्यात, गुणसंख्या ही वस्तुस्थिती असून लीग तिचे प्रसारण अडवू शकत नाही, असा निर्णय 1997 मध्येच झाला होता. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावामागे जो वाटा काढतो, त्यास ‘नाल’ म्हणतात. पैजा वाढतील तशी ज्याची नाल वाढेल, तो पहारेकरी निःस्पृह कसा राहील, अशी शंका आम्हांसही येते.

अमेरिकेतील राज्यांनी ही मागणी मान्य केली नाही. मात्र टेनेसी व इलिनॉय या राज्यांनी 2019 साली, सामना चालू असताना लावावयाच्या पैजांसाठी लीगकडील अधिकृत माहिती वापरण्याची तरतूद केली. म्हणजे पुढच्या दाराने न मिळालेला पैसा काही अंशी बाजूच्या दाराने आला. फ्रान्सने मात्र 2010 च्या कायद्यानेच आपल्या स्पर्धेवरील पैजांस संमती देण्याचा व त्याचे मोल घेण्याचा हक्क आयोजकांस दिला आहे.

आपल्या देशात 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे मात्र रात्री झगमगताना दिसतात. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून फार दूर आहे, असे समजू नये. द्यूतसभेत धर्मराजाने काय काय गमावले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

अमेरिकेतील भांडण उरलेले पाच डॉलर कोणी किती घ्यावेत, याचे होते. ते पाच डॉलर कोणाच्या खिशातून गेले, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारला नाही. तो विद्यार्थ्यांनी विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.