जुन्या जीपच्या दरवाजाला भेग पडते तेव्हा...

सह्याद्रीतील आडवाटा पालथ्या घालण्यासाठी जुनी जीप किंवा जिप्सी जिवापाड जपणारे हौशी वाहनधारक शहरांमध्ये आजही आढळतात. इंजिन आणि गिअरबॉक्सची निगा ते डोळ्यांत तेल घालून राखतात. दरवाजावर उमटलेली केसाएवढी रेष मात्र रंगाचा दोष समजून सोडून दिली जाते. अनेकदा ती रंगाची नसतेच. खालचा पत्राच चिरलेला असतो.

एखादा मोठा आघात न होताही लहानसा ताण हजारो वेळा येत राहिला, तर धातूला तडा जातो. यालाच ‘धातूचा थकवा’ म्हणतात. १९५४ मध्ये कोसळलेल्या कॉमेट या ब्रिटिश जेट विमानांच्या चौकशीत हेच कारण पुढे आले होते. पत्र्यात जेथे छिद्र, खाच वा कोपरा असतो, तेथे ताण एकवटतो. त्यामुळे दरवाजालाही तडे जातात ते प्रामुख्याने काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बोल्टभोवती किंवा आरसा बसवलेल्या जागी. मागच्या दरवाजावर स्टेपनी टांगलेली असल्यास प्रत्येक खड्ड्यागणिक तिचे वजन बिजागऱ्यांना हिसका देते.

भेगेवर पुट्टी भरून रंग मारणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा उपाय. पुट्टीला बळ नसते. ती केवळ भेग झाकते. घाईने केलेले वेल्डिंगही फारसे टिकत नाही. कारण दूर न केल्यास नवा तडा जोडाच्या शेजारीच उमटतो. म्हणून आधी कारण शोधावे. दरवाजा अर्धवट उघडून टोकाकडून वर उचलून पाहावा. तो हलत असेल तर बिजागरीची पिन आणि बुश झिजलेले आहेत, असे समजावे. बॉडी आणि चासीमधील रबर कडक झाले आहेत का, हेही पाहावे.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची जोडणी काढून आतील अस्तर, काच आणि रबर बीडिंग उतरवावे. रंग खरवडून भेगेवर रॉकेल लावून पुसावे आणि खडूची भुकटी पसरावी. आत मुरलेले रॉकेल भुकटीवर उमटून भेगेचे खरे टोक दाखवते. रॉकेल पूर्ण पुसून, जागा स्वच्छ करूनच पुढील काम करावे. टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र पाडले की ताण गोलाईवर विखुरतो आणि भेगेची वाढ रोखली जाते. दरवाजाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असल्याने सलग वेल्डिंगने तो वाकतो. सीओटू वेल्डिंगचे लहान टाके, मध्ये थंड होऊ देत, आलटून पालटून घ्यावेत. आतून पट्टी जोडायची असल्यास तिचे कोपरे गोल ठेवावेत. टोकदार कोपरा नव्या भेगेला जन्म देतो.

जोड घासून झाल्यावर दोन्ही बाजूंना गंजरोधक प्रायमर, मग सीलर आणि रंग हा क्रम पाळावा. आतील पोकळीत मेणाचा थर द्यावा आणि तळाची पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. कोकणच्या पावसात बहुतेक दरवाजे खालूनच कुजतात. पत्रा बोटाने दाबताच खचत असेल, तर तेवढा भाग कापून नवा बसवण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या वाहनांत बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि आतली चौकट पोलादी असते. तेथे वेगळे तंत्र लागते, शिवाय दोन धातूंच्या संपर्कातून होणारी झीजही थांबवावी लागते.

खासगी वाहनाला पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी अटळ असते. पण दरवाजाची काळजी केवळ त्या दिवसापुरती नसावी. घाटातल्या वळणावर प्रवासी आणि दरी यांच्यामध्ये तोच पत्रा, दोन बिजागऱ्या आणि एक कुलूप असते. तडा बिजागरी किंवा कुलपापर्यंत पोहोचला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ते वाहन घाटात न नेणेच शहाणपणाचे.