अलिबागचं मेडिकल कॉलेज, पण जागा कुणाच्या?

अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, मग मुरूड-श्रीवर्धनच्या मुलांना तिथं प्राधान्य मिळणार ना? 'नीट'चा निकाल लागला की पालकांना पडणारा हा प्रश्न. उत्तर : नाही.

२०२१मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात एमबीबीएसच्या १०० जागा. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून, उरलेल्या राज्य सीईटी कक्षामार्फत भरतात. विभागवार ७०:३० कोटा राज्यानं २०२०मध्येच रद्द केला. तोही जिल्ह्यापुरता नव्हताच. म्हणजे श्रीवर्धनची मुलगी आणि नांदेडची मुलगी एकाच गुणवत्ता यादीत. सामाजिक आरक्षण अर्थातच लागू.

घराजवळचंच कॉलेज हवं असेल, तर पसंतीक्रमात अलिबाग वर टाकावं. त्याच्या वर मुंबईची नावं टाकली म्हणून अलिबागची संधी हुकत नाही. मात्र मुंबई मिळाली, तर त्या फेरीत अलिबाग मिळणार नाही.