सायकल आणि आपण (भाग ७) : पुढचा दिवा निवडताना

मागच्या आठवड्यात ब्रेकचा हिशेब मांडला होता, तो आज पुन्हा हाताशी घ्यायचा आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. खड्डा दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद धरला, तर आठ मीटर तिथेच गेले. थांबायला आणखी पाच. रस्ता ओला असेल किंवा कॅरिअरवर पोतं असेल, तर वीस मीटर धरून चालावं. पुढचा दिवा घ्यायचा तो या वीस मीटरांसाठी. दुकानदार सांगतो तो अर्ध्या किलोमीटरचा झोत सायकलस्वाराच्या उपयोगाचा नाही.

जालना जिल्ह्यात रात्री सायकल चालवणारे हौशी लोक थोडे. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून पाळी संपवून गावाकडे निघालेला कामगार, अंबड-घनसावंगीच्या शिवारात दारं धरायला निघालेला शेतकरी, शिकवणीहून परतणाऱ्या मुली, अशी ही मंडळी. शेतीपंपाला वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. सौर कृषी वाहिनीची दिवसाची वीज प्रत्येक शिवारात पोचेपर्यंत मोसंबीला आणि उसाला रात्री पाणी देणं काही सुटत नाही. मुलींचं म्हणाल तर मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी जणींना सायकली मिळाल्या. पण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि साध्या सायकलीला दिवा बहुधा नसतोच. त्यात गाळपाचा हंगाम म्हणजे अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि समोरच्याने अप्पर मारला की काही क्षण डोळ्यांपुढे नुसता अंधार. या लोकांसाठी दिवा ही चैनीची वस्तू नाही, म्हणून ती नीट पारखून घ्यायला हवी.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं लुमेन. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं ते माप. तो उजेड जातो कुठे, हे त्यातून कळत नाही. रस्त्याच्या एका चौरस मीटरवर प्रत्यक्ष किती उजेड पडला, ते लक्स सांगतं, आणि आपल्या कामाचं माप हे आहे. साध्या बॅटरीचा गोल झोत हँडलला बांधला तर त्यातला बराच उजेड बाभळीच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जो खाली पडतो तो चाकापुढे तीन-चार मीटरवर साचतो. तिथला रस्ता लख्ख दिसतो, त्या लखलखाटाने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि पुढचा रस्ता होता त्याहून काळा होतो. म्हणून हजार लुमेनच्या गोल झोतापेक्षा तीनशे लुमेनचा, वरून सपाट कापलेला, खाली रस्त्यावर लांब पसरणारा झोत मी केव्हाही चांगला म्हणेन. जर्मनीत सायकलच्या दिव्याला असाच कापलेला झोत कायद्याने लागतो. दहा मीटरवर किमान दहा लक्स उजेड हवा आणि पुढचा दिवा लुकलुकता कामा नये, असा तिथला नियम आहे. असा दिवा आपल्याकडे शोधावा लागतो, पण खोक्यावर ‘एसटीव्हीझेडओ’ अशी खूण दिसली तर तो याच नियमाचा समजावा. खूण नसेल तर दुकानातच दिवा भिंतीवर पाडून पाहावा. झोताची वरची कड रेघेसारखी सरळ असेल तर उत्तम.

काही दिव्यांवर लुमेनबरोबर मीटरही लिहिलेले असतात. १०० मीटर, २०० मीटर वगैरे. हातबॅटऱ्यांच्या मापनाची जी पद्धत जगभर चालते, तिच्यात हे अंतर म्हणजे जिथे पाव लक्स उजेड उरतो ती जागा. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात बांध दिसतो, माणूस दिसतो. डांबरातला वीतभर खोल खड्डा दिसेलच असं नाही. मात्र हा आकडा टाकाऊ नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. त्यामुळे १०० मीटरचा दिवा वीस मीटरवर चांदण्याच्या पंचवीसपट, म्हणजे सव्वासहा लक्स देतो. २०० मीटरचा दिवा तिथेच पंचवीस लक्स देतो. गावच्या ओळखीच्या रस्त्याला पहिला पुरे. मंठा रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर मी दुसऱ्याच्या बाजूचा.

दिवा कुठे बसवायचा, याकडे फार कुणी लक्ष देत नाही. रात्री पाणी देताना कपाळाला बांधायचा दिवा बहुतेक शेतकऱ्यांकडे असतो, आणि दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून तोच सायकलवरही चालवला जातो. वाफ्यात, विंचू-सापाच्या जागी, त्याच्यासारखी सोय नाही. रस्त्यावर मात्र तो फसवतो. खड्डा आपल्याला दिसतो तो त्यात पडलेल्या सावलीमुळे. दिवा डोळ्यांच्या जवळ असला की पडलेली सावली खड्ड्याच्या कडेमागेच लपते आणि रस्ता सपाट भासतो. दिवा जितका खाली, तितकी सावली लांब. हँडलवरचा दिवा कपाळावरच्यापेक्षा बरा, आणि पुढच्या मडगार्डवरचा किंवा चिमट्यावरचा त्याहून बरा. हँडलला दुधाची किटली किंवा पिशवी अडकवणाऱ्यांना तर खालची जागाच घ्यावी लागते, नाहीतर निम्मा उजेड पिशवीवर. रबरी पट्ट्याचा दिवा खडीच्या रस्त्यावर हळूहळू मान टाकतो. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प असेल तोच घ्यावा.

आता बॅटरी. बहुतेक दिव्यांत लिथियमचा जो सेल असतो त्याला १८६५० म्हणतात : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. खऱ्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. ज्यावर ९९०० छापलंय तो खोटा, हे वेगळं तपासायची गरजच नाही. वजनावरूनही अंदाज येतो. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, किराणा दुकानातल्या काट्यावर पाहता येईल. ३००० चा सेल म्हणजे सुमारे ११ वॅट-तास. तीनशे लुमेनला तीनेक वॅट लागतात, म्हणजे साडेतीन तास. याच दिव्यावर दहा तासांचा दावा असेल, तर ते तास कसे मोजले हे विचारावं. हातबॅटऱ्यांच्या त्या पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ धरतात. शेवटचे कित्येक तास नुसती मिणमिण असू शकते, आणि घरी पोचायचा रस्ता नेमका त्याच तासांत असतो. सेल काढून बदलता येतो असा दिवा मी पसंत करतो. गावात वीज कधी येईल याचा भरवसा नसताना भरलेला एक सेल खिशात असणं मोलाचं. आतच बंद केलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकली की अख्खा दिवा जातो. उन्हाळ्यात दिवा सायकलवर उन्हात सोडू नये, तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. लिथियमला ४५ अंशांपुढे चार्ज होणं सोसत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याखाली तेवढं सहज होतं.

पावसासाठी ‘आयपीएक्स ४’ ही खूण पुरे, चहूबाजूंनी उडणारं पाणी ती झेलते. फक्त ओलं डांबर उजेड आपल्याकडे परत न पाठवता पुढे घसरवतं. कोरड्या रस्त्यावर भरपूर वाटलेला दिवा पावसात अपुरा पडतो. त्याला उपाय वेग कमी करण्याचा.

दिवा हँडलवर, जमिनीपासून साधारण मीटरभर उंच बसवला असेल, तर सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. झोताचा सगळ्यात तेजस्वी भाग दिव्याच्या उंचीपेक्षा एक वीत खाली पडू द्या. मग तो रस्त्यावर वीस-बावीस मीटरवर टेकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. दिवा मडगार्डवर असेल तर उतार त्या मानाने कमी, पाऊण वीत. लुकलुकता प्रकार बंदच ठेवा, त्यातून सायकल किती लांब आहे याचा अंदाज समोरच्याला नीट येत नाही. पाठीमागून येणाऱ्या ट्रॅक्टरला आपण दिसावं म्हणून लागतो तो लाल दिवा आणि रिफ्लेक्टर. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.