पत्र्याखालचा उन्हाळा

लष्करातील आमच्या वस्तीत घरामागे पत्र्याची एक शेड बहुधा आढळतेच. कोणाची मोटार तेथे उभी असते, कोणाचे शिवणयंत्र चालते, तर कोणी सेवानिवृत्त गृहस्थ रंधा-करवत घेऊन तेथे रमलेले असतात. आमच्या शाळेतील कित्येक मुलांच्या घरची चूल अशाच शेडमधील कामावर पेटते. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढला म्हणजे काम थांबवावे तर मजुरी बुडते, आणि चालू ठेवावे तर प्रकृतीवर बेतते. हा पेच सोडविण्यासाठी लोक प्रथम पंखा वा कूलर विकत आणतात. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी ऊन छपरावरच अडवावे, मग आत साठलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी, आणि पाण्याचा गारवा त्यानंतर शोधावा.

भर दुपारी उन्हाने तापलेला पत्रा ६० अंशांच्याही वर जातो व खाली बसलेल्या माणसावर निखाऱ्यासारखी आच टाकतो. पंख्याने ही आच हटत नाही. छपराला पांढरा रंग दिल्यास उन्हाचा मोठा भाग परत फिरतो. लोखंडी पत्र्याला पांढरा तैलरंग वा छपरासाठी मिळणारा खास रंग द्यावा; गच्चीला चुन्याची निवळीही चालते, मात्र पावसात ती धुपत असल्याने दर फाल्गुन-चैत्रात नव्याने द्यावी. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला आणि शेकडो लोक दगावले. पुढे २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, व गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही तेथे झाले. पत्र्यावर चढणाऱ्याने पाय नेहमी फळीवर ठेवावा, उघड्या पत्र्यावर ठेवू नये.

दुसरा उपाय पत्र्याखाली वीतभर अंतरावर बांबूच्या चटया बांधण्याचा. मधल्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवली म्हणजे तापलेली हवा तेथूनच निघून जाते. जेथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तेथे मात्र चटई बांधू नये. गरम हवा वर चढते. म्हणून सावलीच्या बाजूस खाली एक झडप आणि समोरच्या भिंतीत छपरालगत दुसरी झडप ठेवावी. बाहेरून आलेली मोटार इंजिन निवेपर्यंत झाडाखालीच उभी करावी. पेट्रोल, थिनर यांचे डबे तर शेडमध्ये मुळीच ठेवू नयेत.

एवढे झाल्यावर कूलर आणावा. पूर्वी वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपीत, त्यातीलच हे तत्त्व आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता हवेतून शोषली जाते. ग्वाल्हेरची कोरडी लू याला अनुकूल आहे. परंतु समोरची खिडकी उघडी नसेल तर आत नुसता दमटपणा साठतो. आणि आषाढात हवाच ओली झाली की कूलरचा उपयोग फारसा उरत नाही. कूलरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग अवश्य करून घ्यावे, आणि पाणी भरताना प्लग काढावा. डासांची पैदास होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पुरी रिकामी करून घासावी.

तरीही काही दिवस असे येतात की माणसाने हार मानणेच शहाणपणाचे. हवा ४० अंशांच्या वर असताना नुसता पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवू लागतो. अशा दिवसांत काम पहाटे सुरू करून अकरापर्यंत आटोपावे व उरलेले सायंकाळी हाती घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घेत राहावे. काम करणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला वा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

“आम्ही असे कितीतरी उन्हाळे पाहिले,” असे म्हणून वडीलधारी मंडळी भर दुपारी शेडमध्ये जाऊन बसतात. त्यांच्या अनुभवाचा आम्हांस आदर आहे. पण उतारवयात शरीर उष्णतेशी पूर्वीसारखे झुंजत नाही. घरातील सुनामुलांनी, नातवंडांनी त्यांना त्या वेळी आग्रहाने घरात बोलवावे, आणि येत्या सुट्टीत छपराला पांढरा हात फिरविण्याचे काम स्वतःकडे घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.